श्वासाचा पहारा



ज्यांच्या स्मृतीसाठी हे व्याख्यान दरवर्षी होतं, त्या सिस्टरबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते रात्री दोन वाजता. मी नवखा भूलतज्ज्ञ होतो. एका पेशंटला बघायला वॉर्डात आलो होतो. दिवे मालवलेले होते आणि बाई हातात टॉर्च घेऊन एकेका खाटेशी थांबत चालल्या होत्या. टॉर्चचा उजेड त्या पेशंटच्या तोंडावर पाडत नव्हत्या, छातीवर पाडत होत्या. छाती दोन-तीनदा वर-खाली झालेली पाहायची आणि मग पुढच्या खाटेकडे जायचं. मी विचारलं, "बाई, काय बघताय?" त्या म्हणाल्या, "श्वास बघते, डॉक्टर. झोपलेल्या माणसाला स्वतःचा श्वास बघता येत नाही."

आज मी जे बोलणार आहे तो या एका वाक्याचा विस्तार आहे. विषय आहे स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडणं, आणि असा आजार असलेल्या माणसाची ऑपरेशनच्या आधी कशी तपासणी व्हायला हवी, हा प्रश्न. विषय डॉक्टरांचा वाटेल. पण या सभागृहात असं एकही घर नसेल, ज्यातलं कोणी ना कोणी आज ना उद्या ऑपरेशनच्या टेबलावर जाणार नाही. आणि या आजाराची सगळ्यात मोलाची माहिती डॉक्टरांकडे नसतेच, ती घरच्यांकडे असते. म्हणून हा विषय तुमच्यापुढे मांडतो आहे.

आधी एक घटना सांगतो. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती.

बावन्न वर्षांचे एक गृहस्थ हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आले होते. फाइल व्यवस्थित होती. ईसीजी होता, रक्तातली साखर होती, छातीचा एक्स-रे होता, फिजिशियनचं फिटनेस होतं. मी छाती तपासली, तोंड उघडायला लावलं, दात हलतात का ते पाहिलं. दमा, ॲलर्जी, आधीचं ऑपरेशन, सगळ्याला उत्तर 'नाही' असं आलं. दाराशी त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, यांचं रात्रीचं जरा..." तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला. मी म्हटलं, "काळजी करू नका, सगळं नीट होईल."

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी दुखायला लागल्यावर मॉर्फिनच्या जातीतलं इंजेक्शन दिलं गेलं. ते मीच लिहून ठेवलं होतं. नाकाला ऑक्सिजन लावला होता. रात्री ते मोठ्यानं घोरू लागले तेव्हा वॉर्डात सगळ्यांना बरं वाटलं. दुखणं थांबलं, बिचाऱ्यांना गाढ झोप लागली. एकच्या सुमारास घोरणं थांबलं आणि वॉर्ड शांत झाला. त्या शांततेनं एकच माणूस दचकून उठलं, ते म्हणजे खाटेखाली सतरंजीवर झोपलेली त्यांची पत्नी. तिनं नवऱ्याचे खांदे धरून गदागदा हलवलं, हाका मारल्या, आरडाओरडा केला. मी पोचलो तेव्हा ओठ निळे पडले होते. जबडा पुढे ओढून धरला, पिशवीनं श्वास दिला, मॉर्फिनवरचा उतारा दिला आणि ते परत आले. सकाळी उठून चहा प्यायले. त्यांना काहीच आठवत नव्हतं.

त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "घरी रोज असंच होतं. मी हलवते, मग घेतात श्वास. अकरा वर्षं हलवते आहे. काल तेच सांगत होते तुम्हाला."

श्रोतेहो, त्या गृहस्थांचा आजार कुठल्याही रिपोर्टात नव्हता. तो अकरा वर्षं त्यांच्या पत्नीच्या जागरणात नोंदला जात होता. ती नोंद दारापर्यंत चालत आली होती आणि मी ती वाचली नाही.

आता घशात नेमकं काय होतं ते पाहू. श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या असतात, त्यामुळे ती सहसा मिटत नाही. पण तिच्या वर, पडजिभेच्या आणि जिभेच्या मागे, हवेचा जो रस्ता आहे त्याला हाडाचा किंवा कूर्चेचा असा आधार नाही. तो भाग उघडा राहतो तो स्नायूंच्या जोरावर. झोप लागली की हे स्नायू सैल पडतात आणि रस्ता अरुंद होतो. अरुंद रस्त्यातून हवा जाताना मऊ पडदे थरथरतात, त्याचा आवाज म्हणजे घोरणं. ज्यांची मान जाड असते, जबडा मागे असतो, जीभ मोठी असते किंवा टॉन्सिल वाढलेले असतात, त्यांचा हा रस्ता कधी कधी पूर्ण मिटतो. छाती आणि पोट हलत राहतात, पण हवा आत जात नाही. असा श्वास किमान 10 सेकंद थांबला की त्याला ॲप्निया म्हणतात. श्वास पूर्ण न थांबता बराच कमी झाला तर तेही मोजलं जातं. असे प्रकार तासाला 5 पेक्षा कमी असतील तर ते सामान्य मानतात. 5 ते 15 म्हणजे सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या वर तीव्र आजार. तासाला 30 म्हणजे सात तासांच्या झोपेत दोनशेहून अधिक वेळा गळा आवळला जाणं.

मग ही माणसं जगतात कशी? जाग त्यांना जगवते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, आत ओढण्याची धडपड वाढते आणि मेंदू काही क्षणांपुरता जागा होतो. स्नायू ताणले जातात, घसा खाडकन उघडतो, मोठा उसासा येतो आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्यातलं काही आठवत नाही. आठवतो तो फक्त शिणवटा. रात्रभर अशी ओढाताण झाल्यानं रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण पडतो, दिवसा डोळ्यांवर झापड राहते. तरी जीव राखला जातो, कारण आत एक पहारेकरी बसलेला असतो.

आम्ही भूल देताना पेशंटला सांगतो, "आता तुम्हाला छान झोप लागेल." धीर द्यायला हे वाक्य ठीक आहे, पण ते खरं नाही. भूल ही झोप नाही. झोपेत श्वास कोंडला की जाग येते. भुलीत ती येत नाही, आणि येऊ नये यासाठीच तर भूल असते. ऑपरेशननंतरची मॉर्फिन, फेंटानिल यांसारखी वेदनाशामकं आणि झोपेची औषधं हेच काम हळूहळू, वॉर्डात, कोणाचं लक्ष नसताना करत राहतात. ती घशाचे स्नायू सैल करतात, श्वासाची ओढ मंद करतात आणि जाग उशिरा आणतात. म्हणजे ज्या माणसाचा जीव जाग येण्यावर टांगलेला आहे, त्याची जागच आपण काढून घेतो. आपण आतला पहारेकरी हटवतो आहोत, तेव्हा बाहेर दुसरा बसवायला हवा. आणि तो कोणाच्या खाटेशी बसवायचा, हे शोधून काढणं म्हणजेच ऑपरेशनपूर्वीची ही तपासणी.

हा आजार रात्री पाहिल्याशिवाय सापडत नाही, हे त्याचा इतिहासही सांगतो. चार्ल्स डिकन्सच्या 1836-37 मधल्या 'पिकविक पेपर्स' या कादंबरीत जो नावाचा एक लठ्ठ मुलगा आहे. काम करता करता, उभ्या उभ्या तो झोपतो आणि घोरतो. 1956 मध्ये बरवेल आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी अमेरिकेत अशाच एका पेशंटचं वर्णन छापलं. हे गृहस्थ पत्ते खेळत होते. हातात तीन एक्के आणि दोन राजे आले होते, जिंकण्यासारखा डाव होता, पण त्यांना डुलकी लागली आणि डाव हातचा गेला. तेव्हा ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी त्या आजाराला पिकविकचं नाव दिलं, पण दिवसाच्या झोपेचा दोष त्यांनी रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर ठेवला. रात्री काय होतं याची नोंद 1965 मध्ये झाली. त्या वर्षी फ्रान्समध्ये गास्तो आणि त्यांचे सहकारी, आणि जर्मनीत युंग आणि कुलो, यांनी अशा पेशंटना झोपवून रात्रभर त्यांचा श्वास नोंदला. तेव्हा दिसलं की श्वास वारंवार थांबतो आहे. माणूस जागा असताना तपासला तर हा आजार लपून राहतो. तो पाहायचा तर रात्र पाहावी लागते. ज्यांना रात्र दिसते, त्या घरातल्या बायकामाणसांना तो आधीपासून माहीत होता.

उपाय सापडला तो 1981 मध्ये. ऑस्ट्रेलियात सिडनीला कॉलिन सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी पाच पेशंटना नाकावरच्या मास्कमधून हवेचा सतत हलका दाब दिला. हवेनंच घसा आतून उघडा धरला आणि ती माणसं रात्रभर शांत झोपली. हेच आजचं सीपॅप यंत्र.

आपल्याकडे हा आजार किती आहे? मुंबईत हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 35 ते 65 वयाच्या, नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेल्या 658 पुरुषांचा अभ्यास केला आणि तो 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 250 जणांची घरी रात्रभर तपासणी झाली. झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण 19.5 टक्के निघालं आणि दिवसाच्या झोपेसह पुरता आजार 7.5 टक्के लोकांत निघाला. ही माणसं आजारी म्हणून आली नव्हती. त्यांच्या मते ती ठणठणीत होती.

ऑपरेशनशी याचा संबंध दाखवणारा एक मोठा अभ्यास 2019 मध्ये हाँगकाँगचे डॉ. मॅथ्यू चान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. हृदयाव्यतिरिक्त इतर मोठी ऑपरेशनं होणार होती असे 1,218 पेशंट त्यांनी घेतले. त्यांच्यापैकी कोणालाही स्लीप ॲप्निया असल्याचं आधी माहीत नव्हतं. ऑपरेशनआधी रात्रीची तपासणी केल्यावर दोन तृतीयांश पेशंटना तो काही प्रमाणात निघाला आणि 11.2 टक्के लोकांना तीव्र निघाला. ऑपरेशननंतर 30 दिवसांत हृदयाशी आणि रक्ताभिसरणाशी संबंधित गुंतागुंत, आजार नसलेल्यांत 14.2 टक्के होती. तीव्र आजार असलेल्यांत ती 30.1 टक्के होती, म्हणजे दुपटीहून जास्त. हा अभ्यास वाचला तेव्हा मला त्या गृहस्थांच्या पत्नीचं अर्धवट राहिलेलं वाक्य आठवलं.

तर मग प्रत्येकाची रात्रभर तपासणी करायची का? ते शक्य नाही आणि गरजेचंही नाही. त्यासाठी एक सोपं साधन आहे. टोरोंटोच्या डॉ. फ्रान्सिस चुंग या भूलतज्ज्ञ. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये आठ प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली. तिला 'स्टॉप-बँग' म्हणतात. पहिले चार प्रश्न विचारायचे आणि पुढचे चार मोजायचे किंवा पाहायचे. एका 'हो'ला एक गुण. पण प्रश्न कागदावर असणं आणि ते नीट विचारणं यात फार अंतर आहे. म्हणून एकेक प्रश्न आपल्या घरातल्या भाषेत सांगतो.

पहिला प्रश्न, घोरता का? पेशंटला विचारलं तर तो 'नाही' म्हणतो, आणि खोटं बोलत नाही. त्यानं स्वतःचं घोरणं कधी ऐकलेलंच नाही. म्हणून विचारायचं ते शेजारी झोपणाऱ्याला. बंद दाराच्या बाहेर ऐकू येतं का? लग्नघरात, यात्रेत, रेल्वेच्या डब्यात लोक तक्रार करतात का?

दुसरा प्रश्न, दिवसा थकवा किंवा झोप येते का? आपल्याकडे दुपारची वामकुक्षी ही सवय आहे, त्यामुळे नुसतं 'झोप येते का' विचारून काही कळत नाही. असं विचारावं : एसटीत बसल्या बसल्या डोळा लागतो का? कीर्तनात, मीटिंगमध्ये, जेवता जेवता पेंग येते का? गाडी चालवताना कधी डुलकी लागली आहे का? शेवटच्या प्रश्नाला 'हो' आलं तर ऑपरेशन असो वा नसो, त्या माणसाची तपासणी व्हायलाच हवी.

तिसरा प्रश्न, झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे का? आठांपैकी हा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. घोरता घोरता एकदम शांत होतात, मग गुदमरल्यासारखा आवाज करून पुन्हा सुरू करतात, असं वर्णन घरातली व्यक्ती अगदी नेमकं करते. त्या वर्णनाला कुठल्याही फिटनेसच्या कागदाइतकीच किंमत द्यायला हवी.

चौथा प्रश्न, रक्तदाब आहे का किंवा त्यावर औषध चालू आहे का? गोळी घेऊन रक्तदाब ताब्यात आहे म्हणून पुष्कळ जण 'नाही' सांगतात. म्हणून गोळ्यांचं पाकीट पाहावं.

पुढचे चार मोजमापाचे. बॉडी मास इंडेक्स 35 च्या वर, वय 50 च्या वर, मानेचा घेर 40 सेंटिमीटरच्या वर आणि पुरुष असणं. पुढे मानेचा आकडा पुरुषांसाठी 43 आणि स्त्रियांसाठी 41 असाही वापरला जाऊ लागला. मान मोजायला शिंप्याची टेप पुरते. काम दोन मिनिटांत होतं आणि तिला वीज लागत नाही. मी माझ्या बॅगेत स्टेथोस्कोपशेजारी एक टेप ठेवतो आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही ठेवायला सांगतो.

0 ते 2 गुण म्हणजे धोका कमी, 3 किंवा 4 म्हणजे मध्यम, 5 ते 8 म्हणजे जास्त. ही यादी चाळणीसारखी आहे. तीव्र आजाराचा माणूस तिच्यातून सहसा निसटत नाही, पण आजार नसलेले पुष्कळ जण त्यात अडकतात. म्हणून गुण जास्त आले म्हणजे आजार ठरला असं नाही. तिथून शोध सुरू होतो.

ही यादी वापरताना आपल्याकडे दोन ठिकाणी जपून राहायला हवं. पहिलं वजन. 165 सेंटिमीटर उंचीच्या माणसाचा बॉडी मास इंडेक्स 35 व्हायला सुमारे 95 किलो वजन लागतं. भारतीयांच्या लठ्ठपणाच्या निकषांत 25 च्या पुढेच लठ्ठपणा धरतात, म्हणजे त्याच उंचीला सुमारे 68 किलो. आपल्याकडे कमी वजनातही पोटाभोवती चरबी साठते. शिवाय आशियाई लोकांत जबड्याच्या आणि चेहऱ्याच्या ठेवणीमुळे बारीक माणसालाही हा आजार होतो. 'एवढे जाड नाहीत, यांना कसला ॲप्निया' असं म्हणून पुढे जाऊ नये.

दुसरी जागा स्त्रियांची. यादीत पुरुषाला आयता एक गुण मिळतो. त्यामुळे बाईकडे लक्ष कमी जातं. पाळी गेल्यानंतर स्त्रियांतलं प्रमाण वाढतं. त्यांच्या तक्रारी वेगळ्या असतात. झोप लागत नाही, सकाळी डोकं जड होतं, अंगात त्राण नाही, चिडचिड होते. याला 'वय झालं' किंवा 'मनाला लावून घेतात' असं म्हणून बाजूला सारलं जातं. त्यात बाईनं घोरणं हे आपल्याकडे लाजेचं मानलं जातं, म्हणून ती सांगत नाही. आणि नवऱ्याला विचारावं तर तो स्वतः गाढ झोपलेला असतो, किंवा आजी नातवंडांबरोबर वेगळ्या खोलीत झोपत असते. अशा वेळी लेकीला विचारा, सुनेला विचारा, शेजारी झोपणाऱ्या नातीला विचारा. ती बरोबर सांगते.

एकट्या राहणाऱ्यांचा साक्षीदार कोण? मोबाइल. उशाशी ठेवून एका रात्रीचा आवाज नोंदवून आणा, असं मी सांगतो. त्यातली घोरण्यामधली लांब शांतता पुष्कळ काही सांगून जाते. इथे एक खुलासा. कोविडनंतर बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी आला आहे. तो जागेपणी 98 दाखवतो म्हणून झोपेतही सगळं ठीक आहे असं समजू नका. रात्रभर नोंद ठेवणारा ऑक्सिमीटर वेगळा असतो. त्यावर ऑक्सिजनचे चढउतार करवतीच्या दात्यांसारखे दिसतात.

प्रश्नांनंतर तपासणी. पेशंटला बसवून तोंड पूर्ण उघडायला आणि जीभ बाहेर काढायला सांगतात. पडजीभ आणि टॉन्सिलच्या कमानी कितपत दिसतात ते पाहतात. ही पद्धत बोस्टनमध्ये काम करणारे, मूळचे आंध्रचे डॉ. शेषगिरी राव मल्लमपती यांनी 1985 मध्ये मांडली आणि आज जगभर ती त्यांच्या नावानं ओळखली जाते. जिभेमागे काहीच दिसत नसेल तर तिथली जागा अपुरी आहे. शिवाय जबडा मागे आहे का, मान मागे वळते का, नाक बंद आहे का, पायावर सूज आहे का, हेही पाहायचं. साध्या हवेत, जागेपणीच ऑक्सिजन कमी भरत असेल तर तो धोक्याचा मोठा इशारा आहे. आणि एक स्वस्त रक्ततपासणी आहे, बायकार्बोनेट. ते 27 किंवा त्याहून जास्त असेल तर माणसाच्या अंगात कार्बन डायऑक्साइड दिवसाही साठत असावा, अशी शंका घ्यावी लागते. लठ्ठपणामुळे श्वासच अपुरा होणारे हे पेशंट सगळ्यात नाजूक असतात.

मग ऑपरेशन पुढे ढकलायचं का? हा प्रश्न नातेवाईक मला नेहमी विचारतात. अमेरिकेतल्या 'सोसायटी ऑफ ॲनेस्थेशिया अँड स्लीप मेडिसिन' या संस्थेनं 2016 मध्ये दिलेला सल्ला मला पटतो. केवळ शंका आहे म्हणून, रात्रीच्या तपासणीसाठी ऑपरेशन अडवून ठेवायचं नाही. आजार आहे असं धरून काळजी घ्यायची आणि पुढे जायचं. पण रक्तदाब किंवा हृदयाची कमजोरी ताब्यात नसेल, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढला असेल, किंवा जागेपणीच ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असेल, आणि ऑपरेशन थांबण्यासारखं असेल, तर थांबायचं. गुडघा बदलायचा आहे, पित्ताशयातले खडे वर्षभर तसेच आहेत, अशा वेळी काही आठवडे मिळतात. त्या आठवड्यांत तपासणी होते, सीपॅप सुरू होतं, वजन थोडं उतरतं. ज्यांच्याकडे सीपॅप आधीपासून आहे, त्यांनी ते आपल्या मास्कसकट रुग्णालयात आणायचं. 'दोन दिवसांचा तर प्रश्न आहे' म्हणून पुष्कळ जण ते घरी ठेवून येतात. त्या दोन दिवसांतच त्याची खरी गरज असते.

ऑपरेशन थिएटरमधलं थोडक्यात सांगतो, कारण ते आमचं काम आहे. जमेल तिथे पाठीतली किंवा नसेची भूल द्यायची. पूर्ण भूल द्यावी लागली तर डोकं आणि खांदे उंच ठेवून आधी फुप्फुसं ऑक्सिजननं भरून घ्यायची, नळी अवघड जाईल या तयारीनं राहायचं, स्नायू सैल करणारं औषध पूर्ण उतरल्याची यंत्रानं खात्री करायची आणि पेशंट पूर्ण शुद्धीवर आल्याशिवाय नळी काढायची नाही. आदल्या रात्री 'काळजीनं झोप येणार नाही' म्हणून झोपेची गोळी द्यायची रीत आहे. या पेशंटना ती देऊ नये.

खरी परीक्षा सुरू होते ती त्या रात्री, वॉर्डात. अमेरिकेतल्या नुकसानभरपाईच्या दाव्यांचा एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतर वेदनाशामकांमुळे श्वास मंदावून झालेल्या 92 घटना त्यात तपासल्या होत्या. त्यांतल्या 88 टक्के पहिल्या 24 तासांत घडल्या होत्या, आणि नीट लक्ष ठेवलं असतं तर 97 टक्के टाळता आल्या असत्या, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. म्हणजे तिथे कमी पडला होता तो पहारा.

या पहाऱ्यात एक मोठी फसगत होते. नाकाला ऑक्सिजन लावलेला असला की बोटावरचा आकडा बराच वेळ 97-98 राहतो. श्वास मंदावत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, गुंगी वाढते आणि आकडा सांगतो की सगळं ठीक आहे. तो खाली येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. म्हणून मिनिटाला श्वास किती आहेत ते मोजायचं, हाक मारल्यावर डोळे उघडतात का ते पाहायचं आणि घोरण्याच्या आवाजात खंड पडतो का ते ऐकायचं. उताणं झोपवायचं नाही, कुशीवर किंवा पाठ तीस अंश उंच ठेवून झोपवायचं. वेदना तर थांबवायच्याच, पण पॅरासिटामॉल, सूज उतरवणारी औषधं आणि नसेभोवतीची इंजेक्शनं यांवर भर द्यायचा, म्हणजे मॉर्फिनच्या जातीची औषधं कमी लागतात. आणि पहिली रात्र निभावली म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. पहिल्या एक-दोन रात्री झोप मोडलेली असते. नंतर ती भरून निघताना खोल झोपेची लाट येते, आणि श्वास अडण्याचं प्रमाण तिसऱ्या रात्री सर्वांत वाढलेलं आढळलं आहे. तेव्हा पेशंट बहुतेक घरी गेलेला असतो. हे घरच्यांना सांगितलेलं असायला हवं.

आपल्या गावातल्या रुग्णालयांची परिस्थिती मला ठाऊक आहे. प्रत्येक खाटेला मॉनिटर नाही. रात्रपाळीला एका सिस्टरवर पूर्ण वॉर्ड असतो. पण आपल्याकडे एक गोष्ट आहे. पेशंटजवळ घरचं माणूस असतं. ते खाटेखाली सतरंजी टाकून झोपतं, आणि आपण त्याला रात्रभर फक्त औषधं आणायला लावतो. त्याला हे शिकवायला पाच मिनिटं लागतात : छाती हलते आहे पण नाकातोंडातून हवा येत नाही, तर हलवून उठवा, कुशीवर वळवा, उठत नसेल तर ओरडून सिस्टरला बोलवा, घोरणं एकाएकी थांबलं तर समाधान मानू नका, जवळ जाऊन पाहा. यानं मॉनिटरची आणि शिकलेल्या सिस्टरची गरज संपत नाही. ती मागणी आपण सोडायची नाही. जास्त धोक्याच्या पेशंटला मॉनिटरची खाट मिळालीच पाहिजे, आणि ती नसेल तर तसं ऑपरेशन जिथे आहे तिथे पाठवलं पाहिजे. पण तोवर तो सतरंजीवरचा माणूस कामाला लावा. माझ्या पेशंटला त्यानंच वाचवलं होतं.

तुम्हा श्रोत्यांकडे माझं एकच मागणं आहे. घरातल्या कोणाचं ऑपरेशन ठरलं की भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटायला पेशंटबरोबर तो जावा, जो त्याच्या खोलीत झोपतो. कागदपत्रं सांभाळणारा मुलगा गेला तरी चालेल, पण रात्र पाहिलेलं माणूस बरोबर हवंच. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. आम्ही घाईत असलो तरी सांगा. वाक्य अर्धवट सोडू नका.

माझ्या क्षेत्रातल्या तरुण मित्रांना सांगतो, आपल्या तपासणीच्या फॉर्मवर एक ओळ वाढवा : 'रात्री याच खोलीत कोण झोपतं, आणि त्यांना विचारलं का?' गेली कित्येक वर्षं माझ्या फॉर्मवर ती ओळ आहे.

त्या गृहस्थांनी नंतर पुण्याला जाऊन रात्रीची तपासणी करून घेतली. श्वास तासाला चाळीसहून अधिक वेळा अडत होता. सीपॅप सुरू झालं. काही महिन्यांनी दोघं पेढे घेऊन आले. बाई म्हणाल्या, "पहिले आठ दिवस मीच जागी होते. आवाज नाही म्हटल्यावर भीती वाटायची, सारखी उठून छातीवर हात ठेवून बघायचे. आता झोपते."

अकरा वर्षांनी त्यांची रात्रपाळी संपली होती. सिस्टरबाई टॉर्च घेऊन वॉर्डात जे करत होत्या तेच ही बाई अंधारात, एकटीनं, कोणी न सांगता करत होती. आज सिस्टरबाईंच्या स्मृतीला वंदन करताना मी तिलाही वंदन करतो.